कोच बदला! (पण नक्की कधी?) – अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल

वाबाशकाठी

काल रात्रीची २०२५ ची कॉलेज बास्केटबॉलची फायनल पाहून झोप उडाली, म्हणून हा धागा. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ असं हरवलं, तेही दुसऱ्या हाफमध्ये बारा गुणांनी मागे पडून. शेवटच्या काही सेकंदांत ह्यूस्टनला साधा शॉटही घेता आला नाही.

पण मला बोलायचंय ते फ्लोरिडाच्या कोचबद्दल. टॉड गोल्डन, वय ३९. २०२२ मध्ये आला. पहिल्या मोसमात १६ विजय आणि १७ पराभव. दुसऱ्यात २४-१२, आणि मार्चमध्ये (म्हणजे देशभरातल्या कॉलेजांच्या बाद पद्धतीच्या एनसीएए स्पर्धेत) पहिल्याच फेरीत घरी. तिसऱ्यात ३६-४ आणि करंडक. पहिल्या वर्षानंतर "हा पोरगा काय करणार" म्हणणारे आज त्याच्याबरोबरचे फोटो शोधत असतील.

माझा या विषयाशी संबंध असा की मी पर्ड्यू विद्यापीठाचा. २०१२ ते २०१४ वेस्ट लाफायेटला एमएस केलं. त्या दोन मोसमांत आमचा संघ १६-१८ आणि १५-१७ होता. म्हणजे पांढऱ्या पायाचा मीच. मॅकी अरीनात चौदा हजारांवर माणसं बसतात. हरल्यावर त्यातली निम्मी बाहेर पडताना एकच विषय बोलायची: मॅट पेंटरला काढा. मीसुद्धा बोलायचो, खोटं कशाला सांगू. बास्केटबॉल मला तेव्हा सहा महिन्यांपूर्वी कळायला लागलं होतं, पण मत एकदम पक्कं.

पेंटरला काढलं नाही. मग मार्चच्या स्पर्धेत २०२१ मध्ये तेराव्या मानांकित, म्हणजे दुबळ्या समजल्या जाणाऱ्या, नॉर्थ टेक्ससकडून पराभव. २०२२ मध्ये पंधराव्या मानांकित सेंट पीटर्सकडून. २०२३ मध्ये तर आम्ही पहिले मानांकित, आमच्याकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी, आणि समोर एफडीयू नावाचं न्यू जर्सीतलं छोटं कॉलेज, ज्यांचा संघ उंचीने अख्ख्या डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज खेळाच्या सर्वोच्च गटात) सगळ्यात ठेंगणा. हरलो, ६३-५८. त्या रात्री ऑफिसातल्या इंडियानावाल्याने (इंडियाना विद्यापीठ, आमचे पक्के वैरी) मला फक्त एक हसरा चेहरा पाठवला. त्या एका चेहऱ्याचा राग अजून गेलेला नाही.

सलग तीन वर्षं अशी नाचक्की झाल्यावर कुठलाही ॲथलेटिक डायरेक्टर (कॉलेजच्या खेळ विभागाचा प्रमुख) म्हणाला असता, पुरे. आमचा म्हणाला नाही. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, आम्ही फायनलला. कनेटिकटकडून ७५-६० हरलो, पण १९६९ नंतर पहिल्यांदा तिथवर पोचलो.

उलट बाजू: नॉर्थ कॅरोलिना स्टेटने गेल्या वर्षी फायनल फोर (एनसीएए स्पर्धेतले शेवटचे चार संघ) गाठली, आणि या मार्चमध्ये त्याच कोचला, केव्हिन कीट्सला, नारळ दिला. एका वर्षात!

माझं म्हणणं एवढंच की "किती वर्षं द्यायची" हा प्रश्नच चुकीचा आहे. त्या वर्षांत काय बघायचं, ते ठरवा. मार्चमधल्या एका रात्रीवर निकाल लावायचा असेल तर कोच कशाला नेमता, नाणं उडवा.

कॅरीचा काका

वाबाशकाठी, लेख झकास, पण कीट्सची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. आम्ही रॅलीच्या, म्हणजे नॉर्थ कॅरोलिना स्टेटच्या गावाच्या, शेजारी राहतो, आमच्याकडे हा विषय मुंजीच्या पंगतीतही निघतो.

२०२४ च्या मार्चमध्ये स्टेटचा संघ १७-१४ होता. कॉन्फरन्सच्या (कॉलेजांच्या आपापल्या गटाच्या) स्पर्धेत दहावे मानांकित. कीट्सची खुर्ची तेव्हाच जाणार असं इथली पोरंही सांगत होती. मग त्या संघाला काय झालं देव जाणे. पाच दिवसांत पाच सामने जिंकले आणि एसीसीचं, म्हणजे त्या कॉन्फरन्सचं, विजेतेपद घेतलं, तिथून थेट फायनल फोर. डीजे बर्न्स नावाचा तो अगडबंब गडी हसत हसत सगळ्यांना ढकलत होता. आमची ही, जिला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तीसुद्धा त्याच्यासाठी टीव्हीसमोर बसली.

तर मुद्दा असा की त्या चमत्काराने कीट्सला एक वर्ष जास्तीचं मिळालं. यंदा १२-१९. कॉन्फरन्सच्या स्पर्धेत अठरापैकी पंधरा संघ जातात, त्यातही नंबर लागला नाही. आठ वर्षांत एनसीएए स्पर्धा तीनदा. तुम्हीच म्हणता एका रात्रीवर निकाल लावू नका. मग चांगल्या तीन आठवड्यांवरही लावू नका की! स्टेटने जे केलं ती घाई नव्हती, उशीर होता.

भोचक_भवानी

मला यातलं काही कळत नाही, तरी वाचतेय 😀 एक बाळबोध शंका. हे कॉलेज आहे ना? शिकवायचं सोडून कोचला काढायची आणि ठेवायची एवढी चर्चा? आणि काढलं तर बिचाऱ्याचं पोट कसं चालतं?

आकडेमोड

भवानीताई, पोटाची काळजी करू नका. करार मुदतीआधी मोडला तर कॉलेजने कोचला उरलेल्या पगाराचा मोठा हिस्सा द्यायचा असतो, त्याला बायआउट म्हणतात. इंडियानाने २०२१ मध्ये आर्ची मिलरला काढलं तेव्हा ही रक्कम एक कोटी डॉलरच्या वर होती. ती बड्या देणगीदारांनी भरली. केंटकीला २०२४ मध्ये जॉन कॅलिपारीला काढायचं असतं तर तीन कोटी तीस लाख डॉलर मोजावे लागले असते. ओकलंडसारख्या संघाकडून पहिल्याच फेरीत हरूनही केंटकीने त्याला ठेवायचं जाहीर केलं. दोन-तीन आठवड्यांत तो स्वतःच आर्कन्सॉला निघून गेला. केंटकीत कोणी रडलं असेल असं वाटत नाही.

म्हणजे बाहेरून जो "संयम" दिसतो, तो पुष्कळदा तिजोरीचा हिशेब असतो. हे एक.

दुसरं, वाबाशकाठींना. पेंटर, गोल्डन ही उदाहरणं निवडून काढलेली आहेत. संयम फळाला आला की त्याची गोष्ट होते. फळाला आला नाही की तो कोच कोणाच्या लक्षातही राहत नाही. लुईव्हिल घ्या. केनी पेन, त्यांचाच माजी खेळाडू, घरचा माणूस. पहिलं वर्ष ४-२८. "वेळ द्या" म्हणून दिला. दुसरं वर्ष ८-२४. काढला. पॅट केल्सी आला, जवळपास सगळा संघ नवा उभा केला आणि पहिल्याच वर्षी २७-८. पेनला आणखी दोन वर्षं दिली असती तर त्याला संयम म्हटलं असतं की हट्ट?

कॅरीचा काका

आकडेमोड, तुमचं बरोबर आहे. पण आमच्या गावातली सगळ्यात मोठी गोष्ट कोणीतरी सांगायलाच हवी, नाहीतर धागा अळणी राहील.

ड्यूक विद्यापीठ, १९८०. ॲथलेटिक डायरेक्टर टॉम बटर्स. त्याने आर्मीचा (लष्करी अकादमीच्या संघाचा) एक तेहतीस वर्षांचा कोच उचलला, ज्याचा आदल्या मोसमाचा हिशेब ९-१७ होता आणि ज्याचं आडनाव कोणाला लिहिता येत नव्हतं. विद्यार्थ्यांच्या पेपरने मथळ्यातच सांगून टाकलं की ही छपाईची चूक नाही. माइक शिशेव्स्की. पहिली तीन वर्षं: १७-१३, १०-१७, ११-१७. आणि याच काळात शेजारी काय चाललं होतं? १९८२ ला चॅपल हिलमध्ये (नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात) डीन स्मिथने मायकल जॉर्डनच्या शॉटवर विजेतेपद घेतलं. १९८३ ला रॅलीत जिम वॅल्व्हानोने घेतलं, जो शिशेव्स्कीच्याच वर्षी नेमला गेला होता. म्हणजे एका बाजूच्या घरात लग्न, दुसऱ्या बाजूच्या घरात बारसं, आणि मधल्या घरात चूल थंड.

१९८३ च्या एसीसी स्पर्धेत व्हर्जिनियाने ड्यूकला १०९-६६ असं धुतलं. त्या रात्री ड्यूकची मंडळी डेनीज नावाच्या रेस्टॉरंटमध्ये बसली होती. कोणीतरी पाण्याचा ग्लास उचलून म्हणालं, आजची रात्र विसरण्यासाठी. शिशेव्स्कीने त्याला तिथेच थांबवलं: नाही, कधीही न विसरण्यासाठी.

देणगीदार बटर्सच्या मानगुटीवर बसले होते. बटर्सने १९८४ मध्ये त्याला उलट नवा पाच वर्षांचा करार दिला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पाच विजेतेपदं, निवृत्त होताना १२०२ विजय.

बटर्सने काय पाहिलं असेल? मला वाटतं, त्याने ११-१७ हा आकडा बाजूला ठेवून त्या वर्षी संघात कोण आलंय ते पाहिलं. जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बिलास, डेव्हिड हेंडरसन, सगळे पहिल्या वर्षाचे. हीच पोरं १९८६ ला शेवटच्या वर्षाला होती तेव्हा ड्यूक ३७-३ होता आणि फायनलला होता. मशागत झाली होती, पेरणी झाली होती, पाऊस तेवढा यायचा होता.

खडूस

सगळे थोर लोक इथे जमलेत म्हणून आठवण करून देतो. बास्केटबॉल ज्याने शोधलं तो जेम्स नेस्मिथ कॅन्ससचा पहिला कोच होता. हिशेब ५५-६०. कॅन्ससच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला हा एकमेव कोच. आजचे बूस्टर (देणग्या देणारे समर्थक) असते तर दुसऱ्या वर्षीच म्हणाले असते, याला खेळच कळत नाही.

भोचक_भवानी

😂😂 खडूस, हे मी घरी सगळ्यांना ऐकवलं.

डेक्कनचा डावखुरा

अमेरिकेचं मला टीव्हीपुरतंच माहीत, पण कोच बदलला की खेळाडूचं काय होतं ते पुण्यात अनुभवलंय. आमच्या कॉलेजात (नाव नको) मी तीन वर्षं खेळलो आणि तीन कोच पाहिले. पहिल्या सरांनी वर्षभर मॅन-टू-मॅन (प्रत्येकाने समोरचा एक गडी अडवायचा) घोटवून घेतलं. आंतरमहाविद्यालयीनला उपांत्य फेरीत हरलो, सर गेले. दुसरे आले ते म्हणाले, हे विसरा, दोन-तीन झोन (गडी नाही, जागा अडवायची). पायांना सवय लागेपर्यंत डिसेंबर उजाडला. पुन्हा हरलो, तेही गेले. तिसरे सर मुळात कबड्डीचे. चांगला माणूस, पळवायचे खूप, पण प्ले कसा आखायचा हे आम्हीच त्यांना कागदावर काढून दाखवायचो. अश्वमेधच्या (राज्यातल्या आंतरविद्यापीठ क्रीडा स्पर्धेच्या) निवडीला गेलो तेव्हा मला तीन पद्धती अर्ध्या-अर्ध्या येत होत्या आणि एकही पूर्ण येत नव्हती.

तिथे पगार नव्हते, बायआउट नव्हता, देणगीदार नव्हते. तरी दर वर्षी कोच बदलायची हौस होतीच. त्यामुळे हा सगळा पैशांचा खेळ आहे, हे आकडेमोड यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं.

चाफा

डावखुरा, +१. आणि इथे एवढा वेळ एकाही बाईचं नाव आलेलं नाही याची नोंद घेतली आहे.

मी हार्टफर्डजवळ राहते. इथे हिवाळ्यात दोनच गोष्टी असतात, बर्फ आणि यूकॉन (कनेटिकट विद्यापीठ). परवा रविवारी यूकॉनच्या मुलींनी साउथ कॅरोलिनाला ८२-५९ हरवून बारावं विजेतेपद घेतलं. बाराच्या बारा जीनो ऑरिएमाच्या हाताखाली. १९८५ मध्ये तो आला तेव्हा पहिलं वर्ष १२-१५. आणि ज्यांना हरवलं त्या साउथ कॅरोलिनाच्या डॉन स्टेली: २००८ ला सुरुवात १०-१८ ने, पुढचं वर्ष १४-१५. त्यांची आज तीन विजेतेपदं आहेत, त्यातलं २०२४ चं तर एकही सामना न हरता. मुलींच्या खेळाकडे तेव्हा फारसं कोणी बघत नव्हतं, म्हणून वेळ मिळाला. त्या दुर्लक्षाचा तेवढा एकच फायदा.

आमच्या मुलांच्या संघाचीही गंमत आहे. जिम कॅलहून, १९८६, पहिलं वर्ष ९-१९, नंतर तीन विजेतेपदं. डॅन हर्ली, २०१८, पहिलं वर्ष १६-१७, मग २०२१ आणि २०२२ ला पहिल्याच फेरीत बाहेर, तेव्हा इथल्या रेडिओवर माणसं काय काय बोलायची! २०२३ आणि २०२४, लागोपाठ दोन करंडक. पण या दोघांच्या मध्ये केव्हिन ओली येतो. २०१४ ला, दुसऱ्याच मोसमात विजेतेपद. चार वर्षांनी काढला, नियमभंगाचं कारण देऊन, म्हणजे उरलेले पैसे द्यायला नकोत. लवादापुढे वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि शेवटी कॉलेजला एक कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागले.

झटपट यश मिळालेल्याला काढावं लागलं आणि रखडत आलेले टिकले. यातून काय नियम काढायचा तो काढा, मला तर काढता येत नाही.

आकडेमोड

चाफा, छान. पण तुम्ही आणि काका दोघांनी दिलेली जुनी उदाहरणं एका गोष्टीवर उभी आहेत. तेव्हा खेळाडू चार वर्षं थांबायचा, दुसऱ्या कॉलेजात गेला तर एक वर्ष बाकावर बसायचा. म्हणून डॉकिन्सच्या तुकडीसाठी थांबण्यात अर्थ होता. २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, २०२१ पासून एकदा बाकावर न बसता बदलायची मुभा, त्याच जुलैपासून स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा, आणि २०२४ पासून कितीही वेळा बदला. आता अकरा सामने जिंकणाऱ्या संघातली चांगली पोरं एप्रिलमध्ये उडून जातात. १९८३ चा शिशेव्स्की आज असता तर डॉकिन्स उन्हाळ्यात चॅपल हिलला गेला असता!

धागाकर्त्यांनी सुरुवात ज्या फ्लोरिडाने केली तो संघ बघा. क्लेटन आयोनाहून आलेला, मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून, रिचर्ड बेलमाँटहून. ही बाजारातून निवडून आणलेली भाजी आहे. गोल्डनला बाजार कळतो. तो संयमाचा विजय कसा?

कॅरीचा काका

डॉकिन्स चॅपल हिलला? वाक्य मागे घ्या 😡 (ह. घ्या.)

वाबाशकाठी

आकडेमोड, पोर्टलचा मुद्दा बिनतोड आहे आणि मी त्याचाच विचार करत होतो. व्हर्जिनियाच्या टोनी बेनेटचं उदाहरण घ्या. पहिली दोन वर्षं १५-१६ आणि १६-१५. २०१८ ला यूएमबीसी नावाच्या छोट्या कॉलेजकडून ७४-५४ असा मार, पहिल्या मानांकिताचा सोळाव्याकडून पुरुषांमधला पहिलाच पराभव. लगेच पुढच्या वर्षी विजेतेपद. (त्या वाटेवर त्यांनी आम्हाला ओव्हरटाइममध्ये हरवलं. कार्सन एडवर्ड्सचे ४२ गुण वाया गेले. तो सामना मी पुन्हा पाहिलेला नाही आणि पाहणार नाही.) असा माणूस गेल्या ऑक्टोबरमध्ये, मोसम तोंडावर असताना, उठला आणि म्हणाला की या नव्या व्यवस्थेत मी बसत नाही. गेला. कॉलेजचा संयम शाबूत होता, कोचचाच संपला.

आणि व्हर्जिनियाने आता कोणाला आणलं? रायन ओडम. २०१८ ला यूएमबीसीचा कोच तोच होता. ज्याने घर फोडलं त्यालाच किल्ल्या!

यंदाची संगीत खुर्ची तर बघाच. व्हिलानोव्हाने जे राइटनंतर आलेल्या काइल नेप्च्यूनला तीन वर्षांत काढलं आणि मेरीलँडचा विलर्ड नेला. मेरीलँडने टेक्सस ए अँड एमचा बझ विल्यम्स नेला. ए अँड एमने सॅमफर्डचा मॅकमिलन नेला. एक खुर्ची हलली आणि चार गावांत धूळ उडाली. गंमत म्हणजे स्वतः राइटलाही व्हिलानोव्हात पहिली तीन वर्षं एनसीएए स्पर्धेत जाता आलं नव्हतं. त्याच्या मागे दोन विजेतेपदं येणार आहेत हे २००४ मध्ये कोणाला दिसत होतं? नेप्च्यूनलाही तीनच वर्षं मिळाली आणि तीनही वर्षं तेच झालं. पण मी काढायच्या बाजूने आहे, कारण राइटचा आलेख चढता होता आणि याचा सपाट. माझ्या मते बघायचं ते हे. नोव्हेंबरातला संघ फेब्रुवारीत सुधारलेला दिसतो का? एप्रिलमध्ये पोरं थांबतात की पळतात? पळत असतील तर दोन वर्षंही फार झाली. थांबत असतील तर पाचही थोडी.

म्हणून लुईव्हिलचा मुद्दा मान्य. ४-२८ नंतर ८-२४ ला मी चढता आलेख म्हणणार नाही 😀

खडूस

८-२४ म्हणजे विजय दुप्पट हो. शंभर टक्के वाढ. आयटीत यावर बढती मिळते.

डेक्कनचा डावखुरा

"पोरं थांबतात का" हे पटलं. आमच्यातले दोघं तिसऱ्या कोचनंतर बास्केटबॉलच सोडून एमपीएससीला लागले. पोर्टल नव्हतं, तरी पळालेच.

चाफा

धागा वर काढतेय. आज नोव्हेंबरची तीन तारीख, मोसम सुरू झाला. आणि काल रात्री नवी मुंबईत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच असेल. साखळीत लागोपाठ तीन सामने हरल्यावर आपल्या महिला क्रिकेट संघाचा कोच अमोल मुझुमदारबद्दल लोक काय लिहीत होते ते कोणाला आठवतंय का? आज तेच लोक विश्वचषकाचे पेढे वाटतायत.

आकडेमोड

क्रिकेटचा धागा वेगळा आहे, पण हा प्रतिसाद काढू नये अशी संपादकांना विनंती.

वाबाशकाठी

चाफा, अंगावर काटा आला होता काल. आता आमच्या घरची बातमी. मोसमापूर्वीच्या एपी क्रमवारीत (क्रीडा पत्रकारांच्या मतांवर ठरणाऱ्या) पर्ड्यू पहिला. इतिहासात पहिल्यांदाच. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, दोघेही २०२२ ला आले आणि अजून इथेच आहेत, शेवटच्या वर्षाला. पोर्टल उघडंच होतं, पैसेही कोणी जास्त दिले असते, गेले नाहीत. एफडीयूविरुद्ध हरलो त्या रात्री कोर्टवर चेंडू सांभाळताना गांगरलेली ती पहिल्या वर्षाची दोन पोरं हीच.

मॅकीचं तिकीट काढलंय. अकरा वर्षांनी जातोय, बरोबर सात वर्षांची मुलगी. तिला आत्ताच सांगून ठेवलंय की हरलो तर बाहेर पडताना कोचबद्दल काही बोलायचं नाही.

खडूस

बाबांनाही सांगून ठेव म्हणावं. मार्चमध्ये धागा वर काढायला मी आहेच.